म्हैसूरला जाऊया की मुंबईला? पहिल्यांदाच स्वतः ट्रिप ठरवणाऱ्या बेळगाववाल्यांसाठी

"औंदा सुट्टीला कुठं?" हा प्रश्न ऑगस्ट संपला की आमच्या गल्लीत सुरू होतोय. गोव्याला कोण ट्रिप म्हणत नाही, चोर्ला घाट उतरला की गोवा, सकाळी जाऊन मासे खाऊन रात्री घरात. खरी ट्रिप म्हणजे चार-पाच दिवसांची, शेजाऱ्याकडं चावी देऊन, दूधवाल्याला नको म्हणून सांगून जायची. आणि त्यात फिरून फिरून नावं दोनच निघतात, म्हैसूर आणि मुंबई. एका गावात राजवाडा, रुंद रस्ते, झाडं, सगळं निवांत, आणि दुसऱ्या गावात तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभं राहून विचार करायला लागलात तर मागनं कोणतरी ढकलून आत घालतंय. मी दोन्हीकडं पोरं आणि आईला घेऊन जाऊन आलोय, करायच्या तेवढ्या चुका करून झाल्यात, म्हणून ओळीनं लिहायलोय.

सुरुवातीलाच एक सांगतो. घरात वाद कसा होतोय, एक जण म्हणतोय मुंबई आपल्या भाषेची, तिकडंच जाऊया, दुसरा म्हणतोय म्हैसूर आपल्याच राज्यात आहे, सोपं पडतंय. दोन्ही बाजूला ठेवा. त्यावरनं ठरवलं की फसताय, कसं ते खाली भाषेच्या भागात लिहिलंय. ठरवायचं ते कॅलेंडर, गुडघे आणि सुट्टीचे दिवस या तीन गोष्टींवर.

पहिलं काम, शाळेचं कॅलेंडर काढा

हे कोणच करत नाही. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची सुट्टी मोठी, महाराष्ट्रात दिवाळीची मोठी. उन्हाळ्यात पण तसंच, आपली पोरं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळी होतात आणि मुंबईच्या मावशीकडची पोरं तेव्हा अजून परीक्षा आणि शाळेतच असतात. म्हणजे "मुंबईला जाऊया, चुलत भावंडं भेटतील, त्यांच्याकडंच राहूया" असं ठरवून तुम्ही दसऱ्यात गेलात तर तिकडं सकाळी सहाला सगळ्यांची डब्याची धावपळ, आणि तुम्ही त्यांच्या हॉलमध्ये अंथरूण पसरून. पाहुणचार ते करतात, नाही म्हणत नाहीत, खरं आपल्यालाच कसंतरी होतंय. सीबीएसईवाल्यांचं वेळापत्रक वेगळं असतंय, त्यांनी आपल्या शाळेचं पत्रक बघून ठरवायचं.

आता उलटी बाजू. आपली दसऱ्याची सुट्टी म्हणजे म्हैसूरच्या सगळ्यात मोठ्या गर्दीचे दिवस. विजयादशमीला जंबू सवारी निघते, साडेसातशे किलोच्या सोन्याच्या अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती हत्तीवर, राजवाड्यापासनं बन्नीमंटपपर्यंत. आयुष्यात एकदा बघावी अशी गोष्ट आहे, खरं लहान पोर खांद्यावर घेऊन चार तास उन्हात उभं राहायची तयारी पाहिजे, आणि त्या आठवड्यात लॉजवाले जो रेट सांगतील तो. माझं मत विचाराल तर दसरा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी जावा. गर्दी ओसरलेली असते, रस्त्यावरची लायटिंग बऱ्याचदा नंतर पण काही दिवस ठेवतात, आणि आपल्या पोरांची सुट्टी अजून शिल्लक असते.

हवेचं पण बघा. बेळगाव आणि म्हैसूर दोन्ही समुद्रसपाटीपासनं साडेसातशे मीटरच्या आसपास, त्यामुळं तिकडं गेल्यावर अंगाला फारसं काही वेगळं वाटत नाही. मुंबई समुद्राला चिकटून. ऑक्टोबरमध्ये नाहीतर मे महिन्यात गेलात तर आंघोळ करून बाहेर पडेपर्यंत परत घाम. बेळगावच्या माणसाला हे झेपत नाही, आम्ही पंख्याला पण स्वेटर घालणारी माणसं. मुंबई बघायची तर डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात मुंबई बघायची हौस असते काहींना, त्यांना शुभेच्छा, आपल्याकडं पाऊस काय कमी पडतोय काय.

दुसरं, कोण कोण येणार ते कागदावर लिहा

नावापुढं वय आणि गुडघ्याची अवस्था. चेष्टा नाही करायलो. मुंबई म्हणजे जिने. लोकलचं स्टेशन म्हटलं की पूल आला, पूल म्हटलं की चढणं-उतरणं आलं, लिफ्ट आणि सरकते जिने आता बऱ्याच ठिकाणी झालेत खरं ते हुडकायला तेवढंच चालावं लागतंय. मी आईला घेऊन एकदा संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर सापडलो. आईनं कठडा धरला तो सोडेना, मागनं माणसांचा लोंढा, पुढं जायला येत नाही, मागं फिरायला येत नाही. वीस मिनिटं तिथंच उभं. खाली आल्यावर आई एवढंच म्हणाली, "आता घरात जाऊया." सिद्धिविनायक राहिला तो राहिलाच.

म्हैसूरला चालायचं कमी नाही, राजवाड्यात चप्पल बाहेर काढून अख्खी रांग फिरायची, झू मध्ये तर चांगलं दोन-तीन तास पाय तुटतात. खरं वाटेत बसायला जागा मिळते, सावली असते, कोण ढकलत नाही, आणि झू मध्ये बॅटरीची गाडी पण असते. म्हणून सत्तरीच्या वरचं माणूस आणि पाच वर्षाच्या आतलं पोर यातलं कोण जरी बरोबर असलं तर डोळे झाकून म्हैसूर. पोरं हायस्कूल-कॉलेजची असतील तर मुंबई. त्या वयाच्या पोराला राजवाडा दाखवला तर तो तिथं पण मोबाईलच बघतोय, आणि लोकलच्या दारातनं वारा खाल्लेला मात्र वर्षभर सांगतोय. (दारात उभं राहू देऊ नका म्हणा, बाप म्हणून सांगायलोय.)

तिसरं, जाण्या-येण्यात किती दिवस जाणार

मुंबई रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर, सातारा, पुणे करत. रात्री जेवून बसायचं, सकाळी मुंबई. म्हैसूर सहाशेच्या आसपास, आणि बरेच जण बेंगलोरला उतरून पुढं जातात, म्हणजे एक बदली वाढली. म्हणून सुट्टी तीनच दिवसांची असंल तर म्हैसूरचा विचार सोडा, निम्मा वेळ खिडकीतच जाईल. चार पूर्ण दिवस असतील तर दोन्हीपैकी कायपण.

म्हैसूरला जायचे रस्ते तीन. एक, बेळगावातनं सुटणारी विश्वमानव एक्सप्रेस, थेट म्हैसूर, खरं अख्खा दिवस गाडीत. डबा बरोबर घ्या, धारवाड, हावेरी, दावणगेरे करत निवांत जाते, पोरांना नकाशा घेऊन बसवलं तर तेवढंच शिक्षण. दोन, रात्रीची बेळगाव-बेंगलोर सुपरफास्ट, झोपून सकाळी बेंगलोर, तिथनं म्हैसूरला गाड्या आणि बसा भरपूर. मला हाच मार्ग बरा वाटतोय. २०२५ च्या ऑगस्टपासनं बेंगलोरला वंदे भारत पण झाली आहे, खरं ती दिवसा जाते आणि तिकीट पण तसंच. तीन, स्लीपर बस.

बसबद्दल एक महत्त्वाचं. शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना २०२३ च्या जूनपासनं सरकारी साध्या आणि एक्सप्रेस बसला तिकीट नाही, म्हणजे बेळगावपासनं म्हैसूरपर्यंत फुकट जाता येतंय. राजहंस, स्लीपर, एसी या बसांना ते चालत नाही. कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार नाहीतर मतदान कार्ड दाखवावं लागतंय. आता लाल बसमध्ये बसून म्हैसूरपर्यंत जाणं म्हणजे कंबरेची परीक्षा, ते मी सुचवणार नाही, खरं म्हैसूर गावात फिरताना सिटी बसला पण हेच लागू आहे, चामुंडी टेकडीवर जाताना आई आणि बायको फुकट आणि मी एकटाच तिकीट काढणारा. मुंबईला निघालात की ही सवलत नाही, निपाणीच्या पुढं आपलं कार्ड म्हणजे नुसतं ओळखपत्र.

मुंबईला बहुतेक जण खाजगी स्लीपरनं जातात. बुकिंग करताना कुठं सोडणार ते दोनदा विचारा, आणि "मुंबई" या उत्तरावर गप्प बसू नका. वाशी, चेंबूर, सायन, दादर, बोरिवली ही सगळी मुंबईच त्यांच्या हिशोबात. मला एका ट्रॅव्हल्सवाल्यानं दादर सांगून पहाटे पाचला सायनच्या पुलाखाली उतरवलं, दोन पोरं झोपेत, तीन बॅगा, आणि टॅक्सीवाले चार जण गोळा झालेले. तिकिटावर उतरायची जागा लिहून घ्या. रेल्वेनं जायचं असंल तर दादरला जाणाऱ्या गाड्या बेळगाववरनं आहेत, मिरज-पुणे करत जातात, झोप बसपेक्षा बरी लागते.

चौथं, तिकीट आणि रूम

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतंय, पूर्वी १२० दिवस होतं, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासनं बदललं. दसऱ्याला नाहीतर दिवाळीला जायचं तर त्या दिवशी सकाळी आठला मोबाईल हातात घेऊन बसा, आणि येतानाचं तिकीट पण तेव्हाच विचारात घ्या, जायचं कन्फर्म आणि यायचं वेटिंग हा आपल्याकडचा ठरलेला प्रकार. तत्काळ एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला, आदल्या दिवशी, आणि आता त्याला आधार जोडलेलं खातं लागतंय, ते आधीच जोडून ठेवा, दहा वाजून एक मिनिटानं ओटीपी हुडकत बसू नका.

राहायचं म्हणाल तर म्हैसूरला राजवाड्याच्या आणि बसस्टँडच्या आसपास लॉज भरपूर आहेत, तिथंच घ्या, संध्याकाळी चालत राजवाड्याला जाता येतंय. बाकी काय विचार करायला नको.

मुंबईत मात्र इथंच सगळा खेळ आहे. पाहुणे डोंबिवलीला, नाहीतर विरारला. ते म्हणतात "या की, जवळच आहे". त्यांचं जवळ म्हणजे लोकलनं तासाच्या वर. तुमचं सगळं बघायचं दक्षिण मुंबईत, म्हणजे रोज दोन-अडीच तास गाडीतच. म्हणून आम्ही आता असं करतो, दोन रात्री दादर नाहीतर सीएसएमटीकडं कुठंतरी लॉजवर, आणि शेवटची एक रात्र पाहुण्यांकडं. नाराज होत नाहीत, आणि त्यांना पण बरं पडतंय, बोलून दाखवत नाहीत एवढंच. लॉज महाग आहे, रूम बघून दचकू नका, आपल्याकडं तेवढ्या पैशात हॉल मिळतोय. म्हैसूरपेक्षा बजेट चांगलं वाढवूनच धरा.

पाचवं, कुठल्या वारी काय बंद

म्हैसूरचं झू १८९२ सालचं, देशातल्या जुन्या प्राणिसंग्रहालयांपैकी एक, आणि ते मंगळवारी बंद. हे मी गेटसमोर उभं राहून शिकलो, दोन पोरं रडायलीत आणि बाहेर शेंगा विकणारा मला सांगतोय, "नाळे बन्नी," म्हणजे उद्या या. उद्या आम्ही परतीच्या गाडीत. सणाच्या दिवसांत मंगळवारी कधी उघडं ठेवतात, खरं भरवशावर जाऊ नका.

राजवाड्याची लायटिंग रविवारी आणि सरकारी सुट्टीला संध्याकाळी सातच्या सुमाराला लागते, पाऊण तासभर. जवळजवळ लाखभर दिवे एकदम पेटतात, त्या क्षणाला सगळं मैदान "हो" करतंय. आतला राजवाडा पण बघा, आधीचा लाकडी राजवाडा १८९७ ला लग्नाच्या गडबडीत जळाला, मग हा १९१२ ला बांधून झाला. खरं माझ्या मते दिवे जास्त भारी. म्हणून म्हैसूरचा प्लॅन रविवार मध्ये धरूनच करायचा, शनिवारी पोचा.

मुंबईत उलटं. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतोय, मध्य आणि हार्बरच्या गाड्या कमी होतात आणि ज्या येतात त्या भरून येतात. एलिफंटा सोमवारी बंद, तारांगण सोमवारी बंद, कान्हेरीची लेणी आणि ते नॅशनल पार्क पण सोमवारी बंद, राणीबाग बुधवारी बंद. म्हणजे मुंबईला मंगळवार ते शनिवार. हे कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

तिथं गेल्यावर

म्हैसूर तीन दिवसांत आरामात होतंय. पहिल्या दिवशी राजवाडा, देवराज मार्केट, संध्याकाळी दिवे. मार्केटमध्ये कुंकवाचे रंगीत ढीग, मोगऱ्याचा वास, केळ्याचे दहा प्रकार, आमच्या घरातल्या बायका गणपत गल्ली विसरल्या तिथं. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर चामुंडी टेकडी, पायऱ्या हजाराच्या वर आहेत, म्हणून बसनं वर जायचं आणि उतरताना पायऱ्यांनी यायचं, वाटेत एका दगडात कोरलेला मोठा नंदी आहे तो नाहीतर चुकतोय. मग झू. तिसऱ्या दिवशी श्रीरंगपट्टण, टिपूचा उन्हाळी महाल आणि रंगनाथाचं देऊळ, आणि संध्याकाळी केआरएस म्हणजे कृष्णराजसागर धरणाखालची वृंदावन बाग. बागेतनं परत यायला बस कमी पडतात, रिक्षा येण्या-जाण्याची ठरवून घ्या. खायला लोण्याचा मऊ डोसा, आणि म्हैसूरपाक तुपाचा घ्या, वडीसारखा कडक नव्हे. भाकरी हुडकत बसू नका.

मुंबईत पहिल्या दिवशी लोकल नकोच. सकाळी टॅक्सीनं गेटवे, तिथनं एलिफंटाची बोट, तासभर लागतोय, वर पायऱ्या चढून ती तीन तोंडाची मोठी मूर्ती. बोट सकाळची धरा, दुपारी दगड तापतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद असतात. परत आल्यावर म्युझियम, आणि सीएसएमटीची इमारत बाहेरनं संध्याकाळी, १८८८ सालची, दिवे लागल्यावर बघा. मग मरीन ड्राइव्हला कट्ट्यावर जाऊन बसायचं, काही करायचं नाही. सगळ्या मुंबईत मला आवडती जागा तेवढीच, फुकट आहे आणि कोण ऊठ म्हणत नाही.

लोकल दुसऱ्या दिवशी, दुपारी बारा ते चार. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर बॅगा-पोरं घेऊन चढू नका, हे मी हात जोडून सांगतो. स्लो सगळीकडं थांबते, फास्ट मोजक्या ठिकाणी, इंडिकेटरवर एस नाहीतर एफ लिहिलेलं असतंय. एक दिवसाचा, तीन दिवसांचा टुरिस्ट पास मिळतोय, तो काढला की दर वेळी रांग नको. दादरला आधी सगळ्यांचा घोळ व्हायचा, वेस्टर्नचा पण एक नंबर आणि सेंट्रलचा पण एक नंबर प्लॅटफॉर्म, आता २०२३ च्या डिसेंबरपासनं एक ते सात वेस्टर्न आणि आठ ते चौदा सेंट्रल. आणि गुडघेवाली माणसं बरोबर असतीलच तर जमिनीखालची मेट्रो, २०२५ च्या ऑक्टोबरपासनं ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी सगळं तिच्यावर, एसी, लिफ्ट. ही आमच्या वेळी असती तर आईचा गणपती राहिला नसता.

भाषेचं काय

आता ते वरचं. मुंबईत मराठी बोलायला मिळणार म्हणून आपण खुशीत जातोय, आणि पहिल्याच हॉटेलात "आणि एक चहा द्या" म्हटलं की पोरगं उभंच राहतंय, "चहा आणि काय?" आपलं "आणि एक" म्हणजे अजून एक, हे त्याला कुठनं कळणार. "घेतो, खरं महाग आहे" म्हटलं की दुकानदार म्हणतोय, "खरंच महाग नाही हो साहेब." आपलं खरं म्हणजे पण. दोन वाक्यात ओळखतात, "कोल्हापूरचे का?" बेळगाव म्हणून सांगितलं की मग बेळगावबद्दल त्यांना जे माहीत असतंय ते सगळं आपल्यालाच सांगतात.

म्हैसूरला कन्नड बोलून इज्जत राखावी म्हटलं तर तिकडं पण तेच. आपलं "हेळ्री, बर्री, होग्री" (सांगा, या, जावा) ऐकलं की रिक्षावाला आरशातनं बघून हसतोय, "हुब्बळ्ळी कडेना सार?" म्हणजे एकीकडं कोल्हापूर, एकीकडं हुबळी, बेळगाव कोणच पहिल्यांदा म्हणत नाही. पाहुणे दोन्हीकडं सारखेच. राग मानू नका, उलट म्हैसूरला रिक्षाचा भाव मोडक्या कन्नडात केला तरी हिंदीपेक्षा कमी लागतोय.

शेवटचं, पिशवी

मुंबईच्या पाहुण्यांना कुंदा न्यावाच लागतोय, न नेता गेलात तर तोंडावर काही म्हणणार नाहीत. निघायच्या दिवशीच ताजा घ्या, आदल्या दिवशी नको, खव्याचा आहे आणि तिकडच्या हवेत लवकर आंबतोय. डबा बॅगेत वरती ठेवा, बसच्या खालच्या डिकीत इंजिनाजवळ गेला की सकाळपर्यंत तुपाचे डाग स्वेटरवर. स्वेटर तसा पण मुंबईला लागत नाही. म्हैसूरला जाताना कुंदा कोणासाठी न्यायचा नाही, खरं तरी पाव किलो घ्या, दावणगेरेच्या पुढं पोरांना भूक लागतेच.